घरकुलाच्या प्लास्टरआधी



आज आम्ही नव्या घराच्या सयंपाकखोलीबद्दल बोलणार आहोत. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांत घरकुलांची कामं चालू आहेत. समूहाच्या बैठकीला गेलो की रेती, सिमेंट, गवंडी आणि हप्ता, एवढंच बोलणं असते. सयंपाक कशावर करायचा, हे घर पूर्ण झाल्यावर आठवते. तोवर भिंतीला प्लास्टर झालेलं असते.

आमच्या एका समूहातल्या ताईंचं घरकुल झालं. समोरच्या खोलीत टीव्ही-पंख्यासाठी बोर्ड लागला. सयंपाकखोलीत मात्र एक बल्ब, बाकी काही नाही. दिवाळीला मुलाने विजेची इंडक्शन शेगडी आणली. ताईंनी समोरच्या खोलीतून लांब वायर ओढून ती लावली. आठवडाभरात पिन वितळली, बोर्ड काळा पडला. शेगडी डब्यात घालून माळ्यावर गेली आणि ताई कुऱ्हाड-दोर घेऊन पुन्हा जंगलात.

जंगलात जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तेंदू, मोहफूल यांच्यासाठी आपल्याला जावंच लागते, कारण त्यातून घरात पैसा येतो. ते सोडा, असं आम्ही म्हणणार नाही. पण सरपणाची फेरी वेगळी आहे. ती कमी करता येते. जितक्या फेऱ्या कमी, तितका जीवाचा धोका कमी, आणि डोळ्यांत जाणारा धूरही कमी.

बाहेरच्या जगात काही ठिकाणी नव्या घराला गॅसची जोडणी देणंच बंद होत आहे. नेदरलँड्समध्ये १ जुलै २०१८ पासून नव्या घरांसाठी तसा नियम आला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १ जानेवारी २०२४ पासून आला. तिथे घर बांधतानाच सगळं विजेवर धरून वायरिंग करतात. आपल्याकडे गॅस कोणी बंद करत नाही. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि आपल्या घरांत सिलिंडर आले. पण हातात पैसा नसला की सिलिंडर भरला जात नाही, आणि शेगडी आपोआप बंद पडते. भामरागडकडच्या बहिणींना तर ठाऊकच आहे, पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद.

आणि वीज? चंद्रपूरजवळ दुर्गापूरला २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. राख आपल्याकडे, धूर आपल्याकडे. मग त्या विजेवर आपला भात का शिजू नये?

म्हणून आमचं सांगणं एवढंच आहे: प्लास्टर होण्याआधी सयंपाकखोलीचं वायरिंग तुम्ही ठरवा. घरकुल योजनेतच लिहिलं आहे की घर किमान २५ चौरस मीटरचं असावं आणि त्यात स्वच्छ सयंपाकासाठी वेगळी जागा असावी. ती जागा तुमच्या हक्काची आहे. तिथे बोर्ड कुठे लागेल, हे तुम्हालाच विचारायला पाहिजे.

वायरमनला चार गोष्टी सांगा.

पहिली, ओट्याजवळ १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट. साधा छोटा सॉकेट शेगडीला चालत नाही.

दुसरी, मीटरच्या बोर्डापासून त्या सॉकेटपर्यंत वेगळी वायर, किमान अडीच चौरस मिलिमीटर जाडीची, तांब्याची. बल्ब-पंख्याच्या वायरीवर शेगडी जोडू देऊ नका. ताईंचा बोर्ड जळला तो यामुळेच.

तिसरी, अर्थिंग. जमिनीत खड्डा करून नीट अर्थिंग केलेलं डोळ्यांनी पाहा. ओल्या हाताने काम आपणच करतो, शॉक आपल्यालाच बसतो. सोबत वीज गळाली की लगेच ती तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, लावून घ्या.

चौथी, मंजूर भार. वीजबिलावर तो लिहिलेला असतो. दोन हजार वॅटची शेगडी म्हणजे एकटीच २ किलोवॅट. मंजूर भार कमी असेल तर महावितरणकडे अर्ज करून वाढवावा लागतो.

आता खर्चाचं. दोन हजार वॅटची शेगडी पूर्ण जोरात एक तास चालली तर २ युनिट वीज लागते. दिवसाला दीड-दोन युनिट धरले, तर महिन्याला ४५ ते ६० युनिट. घरगुती बिलात १०० युनिटच्या वर गेलं की पुढचे युनिट महाग पडतात, हे हिशोबात धरा. आपण झाडीपट्टीतले लोक भात खाणारे. नुसता भात शिजवायचा तर सातशे वॅटचा विजेचा कुकर पुरतो. त्याला भारही कमी लागतो. पैसे थोडे असतील तर सुरुवात त्याच्यापासून करा.

इंडक्शनवर जर्मनचा गंज चालत नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर ते भांडं चालते. आपला लोखंडी तवा बुडाला सपाट असला तर चालतो.

छतावर सोलर बसवायचं असेल तर तेही बांधकाम चालू असतानाच ठरवा. घरकुलाच्या दुसऱ्या टप्प्यासाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये ५० हजार रुपये वाढवले. त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावर १ किलोवॅटपर्यंत सोलर बसवण्यासाठी आहेत. केंद्राच्या सूर्यघर योजनेतून १ किलोवॅटला ३० हजारांचं अनुदान आहे. एक किलोवॅटमधून महिन्याला साधारण १२० युनिट वीज होते. म्हणजे सयंपाकाची वीज त्यातून निघू शकते. तुमच्या घरकुलाला यातलं काय लागू आहे, ते ग्रामपंचायतीत विचारा. छताचे अँगल वजन पेलतील का, ते गवंड्याला विचारा.

आता खरं तेही सांगतो. लाईट गेली की बॅटरी नसलेलं सोलरही बंद पडते. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक लागू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असते. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट किती जाते, तुम्हाला ठाऊक आहे. संध्याकाळी व्होल्टेज पडते ते वेगळं. म्हणून गॅस परत करू नका, चूलही मोडू नका. सकाळचा भात-वरण विजेवर, लाईट नसेल तेव्हा गॅस. आंघोळीच्या पाण्यासाठी अंगणातली चूल राहू द्या, पण तिला तुराट्या-पऱ्हाट्या घाला. त्या आपल्याच शेतात मिळतात.

समूहांनी एक काम करावं. पुढच्या बैठकीत विचारा, कोणाचं घरकुल लिंटलपर्यंत आलं आहे? ज्या घराचं प्लास्टर व्हायचं आहे, तिथे दोघी-तिघी मिळून जा आणि खडूने भिंतीवर खूण करा: बोर्ड इथे. गवंडी हसेल, घरचा माणूस म्हणेल, एवढी काय घाई आहे. तुम्ही खूण करूनच परत या. सॉकेट आणि वायरीसाठी पैसे कमी पडले तर समूहातून छोटं कर्ज घ्या. पक्की झालेली भिंत फोडण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

ज्या ताईंचं सुरुवातीला सांगितलं, त्यांची भिंत आता आम्ही फोडणार आहोत. तुमची फोडायची वेळ येऊ नये.