छर्ऱ्याच्या बंदुकीचं माप
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलायचं नाही. त्यावर सकाळपासून पुष्कळ बोलणं झालं. आम्हाला बोलायचं आहे ते ज्वारीच्या माळ्यावर, खुंटीला टांगलेल्या छर्ऱ्याच्या बंदुकीबद्दल. हसू नका. हात वर करायला सांगितलं तर या मांडवातले निदान वीस-पंचवीस हात वर होतील, आणि आणखी तितकेच खाली राहतील, कारण ही बंदूक ठेवणं गुन्हा आहे की नाही हेच त्यांना ठाऊक नाही.

आमच्या कामाच्या टापूतला एक पोरगा. ज्वारी हुरड्यात आलेली, पहाटे पाखरं हाकायला माळ्यावर बसलेला, हातात एअरगन. गस्तीवरच्या गाडीनं विचारलं, लायसन कुठं आहे? तो म्हणाला, याला लायसन लागत नाही. साहेबांनी खोकं मागवलं. खोक्यावर छापलेलं होतं, वेग सेकंदाला १००० फूट. झालं! एवढा वेग म्हणजे खरीच बंदूक, असं म्हणून ती जमा झाली. बाप तीन महिने खेटे घालत होता. शेवटी ती मोजली गेली आणि मर्यादेच्या कितीतरी आत निघाली. तोवर ज्वारी खळ्यावरून घरात आली होती, आणि बापाचे मजुरीचे दिवस गेले ते गेलेच.

आम्ही त्या वेळी त्या पोराला काय मदत केली? काहीच नाही. शेतकी पदवीत मातीचा सामू मोजायला शिकवलं होतं, बंदुकीचा जोर मोजायला कुणी शिकवलं नव्हतं. लाज वाटली, म्हणून नियम काढून वाचला.

नियम दोन ओळींचा आहे. शस्त्र कायदा १९५९ चा, त्याखालचे नवे नियम २०१६ चे. हवेच्या बंदुकीची नळी ४.५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे बाजारात ज्याला १७७ नंबर म्हणतात त्यापेक्षा मोठी असेल, किंवा नळीच्या तोंडाशी छर्ऱ्याची ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त असेल, तर परवाना लागतो. दोन्ही गोष्टी मर्यादेत असतील तर लागत नाही. २२ नंबरची नळी, म्हणजे ५.५ मिलिमीटर, कितीही कमजोर असली तरी परवान्यात येते. कुणी जुनी म्हणून स्वस्तात देत असेल तर आधी नळी मोजा.

आता नीट ऐका. नियमात वेग कुठंही नाही. आहे ती ऊर्जा. एक जूल म्हणजे काय? एक किलोची गुळाची ढेप दोन मीटर उंच उचलायला जेवढं बळ खर्ची पडतं, ते जवळजवळ २० जूल. तेवढीच आपली मर्यादा. ऊर्जा काढायची तर छर्ऱ्याचं वजन आणि वेग दोन्ही लागतात: वजनाला वेगाच्या वर्गानं गुणायचं आणि निम्मं करायचं. वजन किलोत, वेग सेकंदाला मीटरमध्ये. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हे विसरू नका.

त्या खोक्यावरचे १००० फूट म्हणजे ३०५ मीटर. अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा खरंच त्या वेगानं गेला, तर ऊर्जा २३ जूलवर जाते, म्हणजे परवाना हवा. पण कंपन्या खोक्यावर मोठा आकडा यावा म्हणून हलक्या मिश्रधातूचा छर्रा घालून मोजतात. ०.३ ग्रॅमचा छर्रा त्याच वेगानं गेला तर ऊर्जा १४ जूल, म्हणजे परवान्याची गरज नाही. आकडा एकच, एकदा माणूस गुन्हेगार आणि एकदा निर्दोष. त्याच कमानीच्या बंदुकीत शिशाचा छर्रा घातला की वेग आपोआप उतरतो. ते मात्र खोक्यावर कुणी छापत नाही.

एकाधिकार खरेदीच्या दिवसांत ग्रेडर मुठीत कापूस घ्यायचा, डोळे बारीक करायचा आणि प्रत ठरवायचा. ते आपण भोगलं आहे. माप दुसऱ्याच्या डोळ्यात असलं की काय होतं हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. म्हणून म्हणतो, मोजायला शिका. यंत्र लागत नाही.

१७४२ साली बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज माणसानं तोफबंदुकीवरच्या पुस्तकात गोळीचा वेग मोजायची रीत सांगितली. जड ठोकळा टांगायचा, गोळी त्यात रुतवायची, ठोकळा किती झुलला ते मोजायचं. तीच रीत आम्ही गेल्या उन्हाळ्यात गोठ्यात केली. पत्र्याचा डबा घेतला, बुडाशी फळीचा तुकडा बसवला, वर ओली चिकणमाती ठासली. सगळं मिळून बरोबर अर्धा किलो. डबा आडवा, तोंड बंदुकीकडे, चार दोऱ्यांनी टांगला, म्हणजे तो गरगरत नाही. आढ्यापासून डब्याच्या मध्यापर्यंत उंची २ मीटर. मागं पट्टीवर एक हलकी काडी ठेवली, डबा झुलला की ती ढकलली जाते आणि तिथंच थांबते. बंदूक दीड मीटरवर, मध्ये भोक पाडलेला पुठ्ठा, नाहीतर नळीतली हवाच डब्याला ढकलते. छर्रे सोनाराच्या काट्यावर शंभर मोजून तोलले: ५० ग्रॅम, म्हणजे एक अर्ध्या ग्रॅमचा.

या मापाच्या डब्याला हिशेब सोपा पडतो. काडी एक सेंटिमीटर सरकली म्हणजे छर्ऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे २२ मीटर. आमची काडी ७ सेंटिमीटर सरकली. वेग १५४, ऊर्जा ६ जूलच्या आसपास. वीस कुठं आणि सहा कुठं! काडी पावणेतेरा सेंटिमीटरच्या पुढं गेली तर समजा तुम्ही वीस जूल ओलांडले. डबा, दोरी किंवा छर्रा बदलला तर हा हिशेब चालणार नाही, नव्यानं मांडावा लागेल. दहा वेळा मोजा, कारण प्रत्येक बार सारखा नसतो. घरी जितक्या जातीचे छर्रे आहेत तितके मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. पहिल्या दिवशी आम्ही पुठ्ठा लावायला विसरलो आणि अर्धा दिवस चुकीचे आकडे वहीत लिहीत बसलो. डोळ्यांना चष्मा, मागं मातीची भिंत, पुढं माणूस नाही, पोरं गोठ्याबाहेर. यात सूट नाही.

हे माप कोर्टात चालणार नाही. तिथं कंपनीचा दाखला आणि प्रयोगशाळा चालते. म्हणून पक्की पावती आणि दाखला जपून ठेवा. आपलं माप आपल्यासाठी आहे. बाजारात जादा ताकदीची कमान बसवून देणारे कारागीर आहेत. दाबाच्या हवेच्या बाटलीवर चालणाऱ्या बंदुकांत तर नुसता स्क्रू फिरवला की जोर वाढतो. दाखला जुना आणि बंदूक नवी, असा माणूस आपल्या पायानं अडकतो. असं काही करून घेतलं असेल तर आजच उलटं करून घ्या.

परदेशातही हीच भानगड आहे. ब्रिटनमध्ये रायफलची मर्यादा १२ फूट-पौंड, म्हणजे १६ जूलच्या वर थोडी. जर्मनीत साडेसात जूल, आणि त्या आतल्या बंदुकीवर पंचकोनात एफ अक्षर कोरलेलं असतं. बघताक्षणी कळतं. आपल्याकडे शिपायालाही कळेल अशी एखादी खूण नळीवर सक्तीची करा, ही मागणी आज ठरावात घालावी असं आम्हाला वाटतं.

आता दुसरी बाजू, आणि ती तुम्हाला आवडणार नाही. परवाना लागत नाही याचा अर्थ काहीही मारता येतं असा नाही. वन्यजीव कायदा १९७२ चा. त्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे, जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणंही आलं. पोपट असो, मोर असो, रोही असो. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांना मारायची परवानगी याच कायद्याच्या कलम ११ खाली अधिकारी देऊ शकतात, पण ती लेखी आणि आधी घ्यावी लागते. रानडुकराला सहा जूलचा छर्रा म्हणजे चिमटा. ते मरत नाही, पिसाळून बांधावरच्या माणसावर येतं.

आणि पाखरांना तरी काय होतं? थव्यातलं एक पडतं, बाकीचे शेजारच्या कणसावर बसतात. गोफणीचा फटका अख्खा थवा उठवतो. हीच चिमणी पिलांना अळ्या भरवते. सालिम अली लहानपणी मुंबईत खेळण्यातल्या एअरगननं चिमण्या मारत. एकीचा गळा पिवळा निघाला, ती कोणती हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि तिथून पक्ष्यांचेच झाले. अरुणाचलात २०२१ पासून लोकांनी दोन हजारांहून अधिक एअरगन आपणहून सरकारजमा केल्या. आम्ही तुम्हाला तसं करा म्हणत नाही. पिकाची भरपाई वेळेवर मिळत नाही तोवर तसं म्हणायचं तोंड आम्हाला नाही.

पण एक सांगतो. कातडी भेदायला सेकंदाला १०० मीटर वेग पुरतो, डोळ्याला त्याच्या निम्माही लागत नाही. गोठ्यातली आमची ती कमजोर बंदूक १५४ वर होती. वापरून झाली की छर्रा काढा, बंदूक कुलपात ठेवा, छर्ऱ्याची डबी वेगळ्या जागी. माळ्यावर सोडून येऊ नका.

डबा, दोरी आणि पट्टी जिल्हा कार्यालयात ठेवली आहे. मंगळवारी बाजारच्या दिवशी दुपारी आम्ही तिथं असतो. बंदूक आणू नका, आधी डबा कसा टांगायचा तेवढं बघून जा. सोनाराचा काटा मात्र ज्यानं त्यानं आपल्या गावात शोधायचा.