शीत कोणी वेचले?



ऑगस्ट २००९ आठवा. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला आणि नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या. कोणाच्या तोंडाला मास्क, कोणाच्या तोंडाला दुहेरी घडीचा रुमाल. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव : टॅमिफ्लू.

हे औषध फ्लूची गुंतागुंत टाळते, असे वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या २००६ च्या पद्धतशीर आढाव्यातही म्हटले होते. पद्धतशीर आढावा म्हणजे एका प्रश्नावर जगभर झालेल्या चाचण्या शोधायच्या, पारखायच्या आणि त्यांची बेरीज मांडायची. वैद्यकात याचा शब्द सहसा अखेरचा मानतात.

पण त्याच २००९ च्या जुलैत केइजी हायाशी या जपानी बालरोगतज्ज्ञांनी कॉक्रेनला विचारले : तुमचा निष्कर्ष २००३ च्या एका लेखावर उभा आहे. त्यात दहा चाचण्या आहेत, छापून आल्या आहेत दोनच. उरलेल्या आठ तुम्ही पाहिल्यात का?

पाहिल्या नव्हत्या. आढावा घेणारे टॉम जेफरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दडवले नाही; ते पुन्हा कामाला लागले. या सगळ्या हकिकतीत मला हेच सर्वांत मोलाचे वाटते. टॅमिफ्लू बनवणाऱ्या रोश कंपनीकडून चाचण्यांचे पूर्ण अहवाल हाती यायला २०१३ उजाडले. २०१४ मध्ये नवा आढावा आला : मोठ्या माणसांची लक्षणे ७ दिवसांऐवजी ६.३ दिवसांत शमतात; रुग्णालयात दाखल होणे टळते, याला पुरावा नाही; मळमळ आणि उलट्या मात्र वाढतात. तोवर एकट्या ब्रिटनने साठ्यावर ४२ कोटी ४० लाख पौंड खर्च केले होते.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण शीत आपण स्वतः उचलतो. रांधणाऱ्यानेच मऊ शीत निवडून आपल्या हातावर ठेवले तर?

अमेरिकी औषध नियामकांकडे नोंदलेल्या, नैराश्यावरील १२ औषधांच्या ७४ चाचण्यांचा हिशेब २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुकूल ३८ पैकी ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नाहीत, ११ अनुकूल वाटाव्यात अशा बेताने छापल्या, जशाच्या तशा आल्या फक्त ३. नियतकालिके वाचणाऱ्या डॉक्टरला शंभरात ९४ चाचण्या यशस्वी दिसत होत्या. नियामकांच्या दप्तरी त्या ५१ होत्या. आढावा घेणारा कितीही प्रामाणिक असो, त्याच्या तराजूत आधीच पासंग पडलेला असतो.

म्हणून चाचणीची नोंद ती सुरू होण्याआधी हवी. आपल्या देशात तशी नोंदवही २००७ मध्ये उघडली आणि १५ जून २००९ पासून नोंद सक्तीची झाली. पण नोंद झाली म्हणजे निकाल बाहेर आला, असे नाही. संमतीपत्रावर सही करून, रक्त देऊन जो रुग्ण चाचणीत उतरतो, तो पुढच्या रुग्णाचे भले व्हावे म्हणून उतरतो. निकाल कपाटात ठेवणे हा त्याचा विश्वासघात आहे.

‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ असे कोणी सांगितले, तर हायाशींचा प्रश्न विचारा : चाचण्या झाल्या किती, आणि तुम्ही पाहिल्या किती? तो विचारायला पदवी लागत नाही.