ज्योत आणि निखारा

समईतली वात जळते, असे आपण सहज म्हणतो. पण वातच जळत असती तर दिवा रात्रभर चालला नसता. बोटभर कापूस तो केवढा! जळते ते तेल, आणि तेही तेलाच्या रूपात नव्हे. वातीच्या धाग्यांतून ते वर चढते, आचेने त्याची वाफ होते आणि त्या वाफेचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होतो. ही जळती वाफ म्हणजेच ज्योत.

खात्री करून घ्यायची आहे ना? मेणबत्ती चांगली पेटू द्या, मग हलकेच फुंकर घालून विझवा. वातीतून पांढुरकी रेघ वर जाईल. पेटती काडी त्या रेघेला, वातीपासून अंगुळभर अंतरावर लावा. ज्योत टुणकन खाली वातीवर उतरेल. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी १८६० च्या नाताळात मुलांसाठी नुसत्या मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. गुरुजींनी एवढा एक प्रयोग तरी वर्गात करावा. त्याला खर्च तो काय?

ज्योत पिवळी दिसते ती आत तापून लाल-पिवळ्या झालेल्या कर्बाच्या कणांमुळे. तिच्यावर वाटी धरा, तेच कण काजळ होऊन बसतात. गॅसच्या शेगडीत हवा आधीच मिसळलेली असते, कण उरत नाहीत, म्हणून तिथली ज्योत निळी.

मग निखाऱ्याला ज्योत का नाही? कोळसा करतानाच लाकडातली वाफ निघून गेलेली असते. उरतो तो बहुतेक कर्ब, आणि तो जागच्या जागी धुमसतो. धूर नाही, म्हणून आपण निर्धास्त. थंडीत, विशेषतः बाळंतिणीच्या खोलीत, दारेखिडक्या लावून शेगडी ठेवतात. इथेच घात होतो. खालच्या थरात तयार झालेला कार्बन डाय-ऑक्साइड वरच्या लाल निखाऱ्यांतून जाताना कार्बन मोनॉक्साइड बनतो. शेगडीवर कधी कधी निळ्या जिभा नाचतात ना, तो हाच वायू जळत असतो. पण सगळा जळत नाही. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा सुमारे २०० पट अधिक ओढीने चिकटतो, आणि अंगाला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके जड होते, मळमळते, झोप येते. झोपलेल्याला तर काही कळतच नाही.

म्हणून शेकून झाले की शेगडी बाहेर काढा. ती आत असेतो दार आणि खिडकी दोन्ही उघडी असू द्या. निखारे पेटते ठेवून कोणी झोपू नये. कोणाला गुंगी आली तर आधी त्या माणसाला उघड्यावर आणा, शेगडीचे मागाहून पाहा. बाळ असेल तर त्यालाही लगेच बाहेर घ्या. मग तडक दवाखाना गाठा, आणि खोलीत कोळशाची शेगडी होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.