तिकीट कोणाच्या हातात?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी पालघर तालुक्यातल्या घिवलीचा. एका अंगाला समुद्र, शेजारी तारापूरचा अणुवीज प्रकल्प आणि थोडं आत गेलं की बोईसरची एमआयडीसी, अशा टापूत आमचं गाव आहे. शाळेत मी बरीच वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. मुलांना हा विषय रुक्ष वाटतो. इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेला, थोड्या मार्कांचा विषय! पण निवडणूक लागली की हाच विषय बंदरावर, नाक्यावर आणि डहाणू लोकलच्या डब्यात तासन्‌तास रंगतो. आज मला अमेरिकेतल्या पक्षांविषयी आणि निवडणुकांविषयी बोलायचं आहे. सुरुवात मात्र घरापासून करतो, म्हणजे फरक नीट ध्यानात येईल.

आमच्या पालघर लोकसभा मतदारसंघाची गेल्या काही वर्षांची गोष्ट पाहा. २०१८च्या जानेवारीत भाजपचे खासदार चिंतामण वनगा यांचं निधन झालं. मे महिन्यात पोटनिवडणूक झाली. वनगांचे चिरंजीव श्रीनिवास हे शिवसेनेकडून उभे राहिले. भाजपने काँग्रेसमधून आलेले माजी राज्यमंत्री राजेंद्र गावित यांना उमेदवारी दिली आणि गावित निवडून आले. पुढच्याच वर्षी, २०१९ला, युतीच्या वाटपात जागा शिवसेनेकडे गेली. गावितही शिवसेनेत गेले आणि धनुष्यबाणावर पुन्हा खासदार झाले. श्रीनिवास वनगा त्याच वर्षी शिवसेनेचे पालघरचे आमदार झाले. २०२४ला लोकसभेची जागा भाजपकडे आली आणि हेमंत सवरा खासदार झाले. त्याच वर्षी विधानसभेला एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेने विद्यमान आमदार वनगांना डावलून गावितांना उमेदवारी दिली. गावित आमदार झाले.

यात कोणाला दोष द्यावा, हा माझा हेतू नाही. सगळं नियमात बसून झालं. माझा प्रश्न एवढाच आहे की, या सगळ्या अदलाबदलीत पालघरच्या मतदाराला कोणी कधी विचारलं? विचारलं, पण अगदी शेवटी, मतदानाच्या दिवशी. भाजपचा उमेदवार कोण, शिवसेनेचा कोण, काँग्रेसचा कोण, हे त्याआधीच मुंबईत किंवा दिल्लीत ठरलं होतं. तिथे मतदाराचं काम नव्हतं.

हे ठरतं कसं, तर ‘एबी फॉर्म’वर. हा शब्द आता गावोगावच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. पक्षाच्या वतीने सही करण्याचा अधिकार कोणाला, हे ए फॉर्म सांगतो. अधिकृत उमेदवार कोण, हे बी फॉर्म सांगतो. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हे कागद निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचले, की पक्षाचं चिन्ह त्या माणसाचं. कधी कधी हा फॉर्म शेवटच्या तासाला गाडीतून धावत येतो. पाच वर्षं आपल्या वतीने कोण बोलणार, याचा अर्धा निकाल त्या सहीत लागलेला असतो.

आता अमेरिकेकडे वळू. माझी भाची न्यू जर्सीत राहते. तिला तिथलं नागरिकत्व मिळालं तेव्हा मतदार नोंदणीचा फॉर्म भरताना ती गोंधळली. तिने फोन केला, ‘मामा, इथे फॉर्मवर पक्षाचा रकाना आहे. मी कुठल्या पक्षाची, हे सरकारला कशाला सांगायचं?’ प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे मत गुप्त, आणि पक्ष तर त्याहून गुप्त! पण त्या रकान्याला तिथे अर्थ आहे. रकाना भरणं सक्तीचं नाही. मात्र जो भरतो, त्याला त्या पक्षाचा उमेदवार निवडायला मत देता येतं.

तिथे एका जागेसाठी दोनदा मतदान होतं. पहिलं मतदान पक्षांतर्गत, ज्याला ‘प्रायमरी’ म्हणतात. आपण त्याला प्राथमिक निवडणूक म्हणू. एका पक्षाच्या तिकिटासाठी चार-पाच इच्छुक असतील तर ते प्राथमिक निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे राहतात, आणि त्या पक्षाचे साधे मतदार त्यांतला एक निवडतात. मग नोव्हेंबरात दोन्ही पक्षांचे विजेते समोरासमोर येतात. ही पहिली निवडणूकही बहुतेक ठिकाणी सरकारी यंत्रणाच घेते. राज्याराज्यांचे नियम मात्र वेगळे आहेत. न्यू जर्सीत पक्ष नोंदवावा लागतो. मिशिगनमध्ये तशी नोंद नाही. तिथे मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात, त्यांतल्या एकातच खुणा करायच्या.

ही पद्धत मुळापासून नव्हती. १७८७ साली लिहिलेल्या त्यांच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखसुद्धा नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६च्या निरोपाच्या संदेशात पक्षबाजीपासून सावध राहायला सांगितलं होतं, पण पक्ष आलेच, आणि तिकीटवाटप पुढाऱ्यांच्या बंद खोल्यांत होऊ लागलं. या प्रकाराला कंटाळून विस्कॉन्सिन राज्यातल्या मतदारांनी १९०४ साली राज्यभरासाठी प्राथमिक निवडणुकीचा कायदा कौल देऊन मंजूर केला. हळूहळू इतर राज्यांनीही ती वाट धरली. अध्यक्षपदाचा उमेदवार मात्र तरीही पुढारीच ठरवत. १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्राथमिक निवडणूक न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर तरुणांची निदर्शनं झाली, पोलिसांच्या लाठ्या चालल्या, आणि नोव्हेंबरात हम्फ्री हरले. त्यानंतर नियम बदलले. १९७२पासून अध्यक्षपदाची उमेदवारीही प्रामुख्याने मतदारांच्या हाती आली.

याचं एक उदाहरण आपल्या मराठी माणसाचंच आहे. श्री ठाणेदार बेळगावात वाढले. १९७९ साली शिकायला अमेरिकेत गेले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतली, उद्योगात पडले. २०१८ साली त्यांनी मिशिगनच्या राज्यपालपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक लढवली आणि ते तिसरे आले. २०२०ला राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेले. २०२२ साली डेट्रॉइट शहराच्या मतदारसंघातून ते काँग्रेससाठी, म्हणजे तिथल्या संसदेसाठी, उभे राहिले. शहराच्या महापौरांचा आणि इतर वजनदार मंडळींचा पाठिंबा दुसऱ्या उमेदवाराला होता. आपल्याकडे असतं तर विषय तिथेच संपला असता. तिथे मात्र मतदारांनी कौल दिला, सुमारे २८ टक्के मतं घेऊन ठाणेदार पहिले आले, आणि नोव्हेंबरात सहज जिंकले.

उलट बाजूचं उदाहरणही पाहा. एरिक कँटर हे प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकन पक्षाचे बहुमताचे नेते होते, म्हणजे सभापतींच्या खालोखाल वजन असलेला माणूस. २०१४ साली व्हर्जिनियातल्या त्यांच्याच मतदारसंघात, त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी त्यांना प्राथमिक निवडणुकीत पाडलं आणि अर्थशास्त्राच्या एका अपरिचित प्राध्यापकाला उमेदवारी दिली. २०२५च्या जूनमध्ये न्यू यॉर्कच्या महापौरपदासाठी माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांना तरुण झोहरान ममदानी यांनी हरवलं, तेही पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीतच.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की, तिकीट ज्याच्या हातात, लोकप्रतिनिधीचे कान त्याच्याकडे लागलेले असतात. अमेरिकेतल्या खासदाराला श्रेष्ठींपेक्षा मतदारसंघातल्या आपल्या पक्षाच्या मतदारांची धास्ती अधिक. म्हणून तो सभागृहात नेत्याविरुद्धही मत देतो. २०२३च्या जानेवारीत सभापती निवडताना रिपब्लिकन पक्षाचेच सुमारे वीस सदस्य अडून बसले. मतदानाच्या पंधरा फेऱ्या झाल्या. सभापती मिळेपर्यंत नव्या सदस्यांना शपथही घेता येईना, त्यात आपले ठाणेदारही आले. अडून बसलेल्यांपैकी कोणाचं सदस्यत्व गेलं नाही.

आपल्याकडे पक्षादेश, म्हणजे व्हिप, मोडला तर आमदारकी-खासदारकी जाऊ शकते. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने हे झालं. त्यामागे कारण होतं. १९६७नंतर ‘आयाराम गयाराम’ प्रकाराने सरकारं पडत होती. पण त्याचा परिणाम असा की, तिकीटही पक्षाच्या नेत्याच्या हाती आणि सभागृहातलं मतही त्याच्याच हाती. मधल्या मधे मतदार दूर राहतो. आणि एवढं करून पक्षांतरं थांबली का, हे महाराष्ट्राने २०२२पासून पाहिलेलंच आहे.

आमच्या किनाऱ्यावर याचा अर्थ काय होतो, ते वाढवण बंदराच्या निमित्ताने समजतं. २०२४च्या ऑगस्टमध्ये या बंदराचं भूमिपूजन झालं. मासेमारीचं काय होणार, ही धास्ती मच्छीमार गावांत आहे. नोकऱ्या येतील, ही आशाही काही घरांत आहे. एकाच पक्षाला वर्षानुवर्षं मत देणारी दोन माणसं या प्रश्नावर विरुद्ध बाजूंना बसलेली आहेत. प्राथमिक निवडणूक असती तर त्या पक्षात बंदराच्या बाजूचा एक आणि विरोधातला एक असे दोन इच्छुक समोर आले असते, लोकांनी त्यांना प्रश्न विचारले असते. आज तसं होत नाही. बंदरासाठी पक्ष सोडायचा की पक्षासाठी बंदराचा प्रश्न गिळायचा, एवढंच त्या मतदाराच्या हाती उरतं.

अमेरिकेत सगळं आलबेल आहे, असं मात्र समजू नका. प्राथमिक निवडणुकीला पैसा बेसुमार लागतो. ठाणेदारांनीच २०१८च्या निवडणुकीत स्वतःचे एक कोटीच्या आसपास डॉलर घातले होते. मतदानाला लोक कमी येतात, आणि येतात त्यांत कडव्या मतांचे जास्त. मग उमेदवारही कडवी भाषा बोलू लागतात. शिवाय बरेच मतदारसंघ एकाच पक्षाचे बालेकिल्ले आहेत. तिथे प्राथमिक निवडणूक जिंकली की काम झालं. डेट्रॉइटमध्ये तेच झालं. २८ टक्के मतांवर उमेदवारी मिळाली आणि पुढची लढत जवळजवळ उपचाराची ठरली. पुढारीही वाटा शोधतातच. २०२४ साली अध्यक्ष बायडेन यांनी प्राथमिक निवडणुका जिंकून झाल्यावर जुलैत माघार घेतली आणि कमला हॅरिस मतदारांपुढे न जाताच, प्रतिनिधींच्या मतांवर उमेदवार झाल्या.

मग आपण काय घ्यायचं? असा प्रयोग आपल्याकडे अगदीच झाला नाही असं नाही. २०१४च्या लोकसभेआधी काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदान घेऊन उमेदवार निवडले. त्यात आपले वर्धा आणि लातूरही होते. मतदार होते पक्षाचे पदाधिकारी, सामान्य माणूस नव्हता. दोन्ही जागा पक्ष हरला आणि प्रयोग मागे पडला. त्याआधी १९९९ साली विधी आयोगाने आपल्या १७०व्या अहवालात पक्षांच्या अंतर्गत कारभारात लोकशाही हवी, अशी शिफारस केली होती. तीही कागदावरच राहिली.

आणि तरी मला वाटतं, आपल्या लोकांना हे काम परकं नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत महाराष्ट्रात पक्षाचं चिन्ह नसतं. आळीआळीत, पाड्यापाड्यांत बैठका होतात, भांडणं होतात, रुसवेफुगवे होतात, आणि पॅनेल ठरतं. तिथे ‘याला का उभा करता?’ असं तोंडावर विचारता येतं, आणि उत्तरही द्यावं लागतं. विधानसभा आणि लोकसभेला तेच विचारायची सवय आपण सोडून दिली आहे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. पण पक्षाचे कार्यकर्ते तर आपल्याच गावातले असतात. पुढच्या निवडणुकीत ते पत्रकं घेऊन दारात आले, की त्यांना बसवा, पाणी द्या आणि विचारा: ‘हा उमेदवार ठरवताना तुम्हाला तरी कोणी विचारलं होतं का?’ पत्रकं वाटणाऱ्या माणसालाच हा प्रश्न चार घरी ऐकावा लागला, तर तो वरपर्यंत पोचायला वेळ लागणार नाही.