गुरूने वेचलेल्या अस्थी
(कलशारोहणाच्या दिवशी मंडपात केलेले भाषण)



जीर्णोद्धार समितीने मला गुरु-शिष्य या विषयावर दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी कीर्तनकार नव्हे. जन्मभर प्राथमिक शाळेत मुलांकडून पाढे म्हणून घेतले. तेव्हा तुम्हां-आम्हांला ठाऊक असलेलीच कथा सांगतो. फक्त ती आपण नेहमी अर्ध्यावर सोडतो.

नामदेवराय पांडुरंगाचे लाडके. देव त्यांच्या हातचे जेवी. पण संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले, तेव्हा नामदेव रागावले आणि त्यांचे मडके कच्चे ठरले. रुसून देवाकडे गेले, तर देवाने त्यांना विसोबा खेचरांकडे धाडले. औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले! नामदेवांनी हटकले. म्हाताऱ्याने सांगितले, जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. पाय ठेवावेत तिथे पिंडी!

इथे आपण मान डोलावतो आणि उठतो. वास्तविक गुरूने घालून दिलेला धडा शिष्याने गिरवला की नाही, ते पुढेच कळते.

मंगळवेढ्याचे चोखोबा नामदेवांना गुरु मानीत. जातीने महार, म्हणून पंढरीस येऊनही देवळात पाऊल टाकायची मनाई. 1338 साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू होते. कूस ढासळले आणि कामावरचे मजूर खाली गाडले गेले. त्यांत चोखोबा होते.

परंपरा सांगते की नामदेव पंढरपुराहून तिथे गेले. ढिगाऱ्यात हाडेच हाडे. कुठले कुणाचे, ओळखावे कसे? त्यांनी एकेक हाड कानाशी धरले; ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ते उचलले. ज्याची सावली गावाला चालत नव्हती, त्याची हाडे कानाशी! हाडातून खरोखर आवाज आला का गुरुजी, असे वर्गात एका पोराने मला विचारले होते. मी म्हटले, बाळ, हाडाला कान लावायला कोण गेले ते आधी बघ.

त्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारासमोर चोखोबांची समाधी बांधली. पुढे 1350 साली नामदेवांनी त्याच महाद्वारी देह ठेवला. त्यांना आत जायला कोण अडवणार होते? तरी त्यांनी पायरीच मागितली. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून मागितली, हे खरेच. पण पायरीच्या समोर शिष्य आहे, हे माझ्या मनातून जात नाही.

मंगळवेढ्याची कूस पडल्यापासून 609 वर्षे लोटली, तेव्हा 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले आणि ते देऊळ सर्वांना खुले झाले.

आपल्या गावाचे काय? माझ्या लहानपणी काही मंडळी त्या पिंपळाच्या पारापासूनच हात जोडून परत जात. ते पाहिलेले दोन-चार म्हातारे आज समोर बसले आहेत. मीही पाहत होतो. पुढे मोठा झालो, मास्तर झालो, तरी बरीच वर्षे तोंड उघडले नाही.

आज देऊळ देखणे झाले आहे. देणगीदारांची नावे संगमरवरी फरशीवर कोरली, योग्यच केले. परंतु पाया खणणारे, दगड वाहणारे, शिखराच्या परातीवर उन्हात उभे राहणारे गवंडी नि बिगारी यांचे एकही नाव त्या फरशीवर नाही. खाली हातभर जागा शिल्लक आहे, मी सकाळीच पाहून आलो.

आणि ती मंडळी आत्ता मंडपाच्या कनातीबाहेर वाळूच्या ढिगावर बसलेली मला इथून दिसत आहेत. कलशाचा मुहूर्त पाचाचा आहे, अजून वीस मिनिटे अवकाश आहे. समितीच्या अध्यक्षांनी स्वतः जाऊन त्यांना हाताला धरून पुढे आणावे. तोवर मी बोलणे थांबवतो.