यंदाची पंगत सुरतेला

वसईच्या आमच्या घरी नाताळच्या दिवशी दुपारी जी पंगत बसते तिच्यात मी १९ वर्षे जेवले आणि १९ वर्षे तिच्यासाठी कांदे चिरले. याहून अधिक काही करण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नाही. मोठ्या पातेल्यातला डाव सासूबाईंच्या हाती असे आणि तो दुसऱ्या कोणाच्या हाती जावा असे त्यांच्या मनात कधी आलेले दिसले नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई नारळ खवीत, धाकटी केळीची पाने पुशी, मी कांदे चिरी. गेल्या नाताळात तो डाव माझ्या हाती आला, आणि तोही वसईला नव्हे, सुरतेला. आज त्याचीच हकीकत मी सांगणार आहे.

मी सुरतेत मराठी शाळेत शिकविते. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. त्यांची माणसे यंत्रमागांवर नि कापडाच्या कारखान्यांत राबतात आणि त्यांची मुले आमच्या वर्गांत येतात. सुरतेत मराठी माणूस म्हटला की कोणीतरी १६६४ सालची आठवण काढतोच. पाचवी-सहावीच्या मुलांना तर शिवाजी महाराजांची सुरतेवरची स्वारी शिकविताना आपण त्याच गावात बसलो आहोत याची मोठी गंमत वाटते. मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगते. त्या धामधुमीत महाराजांनी फादर आंब्रोज नावाच्या कापुचिन धर्मगुरूच्या मठाला धक्का लावू दिला नाही, असे बर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे. मराठी बोलणाऱ्या नि ख्रिस्ती असणाऱ्या शिक्षिकेला या गावात ही गोष्ट सांगताना थोडा अभिमान वाटला, तर आपण क्षमा कराल.

असो. पंगत सुरतेला का आली ते सांगितले पाहिजे. सासूबाई पावसाळ्यात विहिरीच्या काठावर घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. वय ८२. आता कोणाकडे राहावयाचे हा प्रश्न आला. माझे थोरले दीर, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, जुन्या घराशेजारीच राहतात. धाकटे दीर वसई स्टेशनजवळच्या इमारतीत राहतात. हे दोघे भाऊ तीन वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. कारण वाडी. धाकट्यांना आपला हिस्सा विकावयाचा आहे, कारण त्यांच्या दोन मुलींची शिक्षणे आहेत आणि केळीच्या उत्पन्नावर ती होणार नाहीत हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. दादा तरुणपणी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसईच्या चळवळीत मोर्चांना गेलेले. वाडीतले झाड विकणे म्हणजे घरातले माणूस विकणे असे ते मानतात, आणि तेही खोटे कसे म्हणावे? सासूबाईंनी कोणाचीच बाजू घेतली नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “मला सुरतेला ने.” माझे यजमान मधले. आमचे घर तळमजल्यावर. कारण तेच सांगितले गेले. दोन्ही मुलांपासून सारख्याच अंतरावर राहावे हे खरे कारण मला पुढे उमगले.

नोव्हेंबरात त्यांनी जाहीर केले की, यंदा नाताळचे जेवण येथे. सतरा माणसे.

माझी पहिली अडचण फुग्यांची. ज्यांना आमचे फुगे ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते: मैदा, अंडी, नारळाचे दूध, थोडी साखर असे पीठ सैलसर भिजवून हाताने बराच वेळ फेटावयाचे, ते फुगून वर आले की मुठीतून लिंबाएवढे गोळे कढत तेलात सोडावयाचे. आतून पोकळ, बाहेरून तांबूस. इंद्यालाचा रस्सा त्यात मुरतो तेव्हा जेवणाला अर्थ येतो. पूर्वी हे पीठ ताडीने फुगवीत. वसईत ताडी मिळते. गुजरातेत दारूबंदी आहे. मुंबई राज्याचा १९४९ सालचा कायदा १९६० मध्ये गुजरात वेगळे झाले तेव्हा येथे तसाच पुढे चालू राहिला. हिवाळ्यात पहाटे सुरतेत नीरा मिळते. एकदा मनात आले की, दोन पेले नीरा आणून उन्हात ठेवावी, दुपारपर्यंत आपोआप काम होईल. परंतु जी बाई सकाळी मुलांना नागरिकशास्त्र शिकविते तिने दुपारी स्वयंपाकघरात ताडी आंबवावी हे काही बरे दिसेना.

गंमत अशी की, याच सुरतेत डच वखारीच्या भट्टीत पाव ताडीने फुगवीत, आणि डच निघून गेल्यावर ती भट्टी दोतीवाला नावाच्या पारशी कारागिराकडे आली असे सांगतात. सुरतेची प्रसिद्ध नानकटाई त्याच भट्टीतून निघाली म्हणे. तेव्हा ताडीच्या फुगवट्याशी या गावाचे नाते माझ्याहून जुने आहे. मी मात्र बेकरीतून यीस्ट आणले आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी प्रयोग केला. फुगे तळले ते गोट्यांसारखे झाले. सासूबाईंनी एक उचलला, टेबलावर ठोकून पाहिला आणि म्हणाल्या, “पोरांना खेळायला दे.” दोष यीस्टचा नव्हता. मी पीठ पुरते फेटलेच नव्हते.

दुसरी अडचण इंद्यालाची. हा पदार्थ पोर्तुगीजांकडून आला. द्राक्षाच्या आंबवणीत नि लसणीत मांस मुरवून टिकविण्याची त्यांची रीत होती. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्या ताब्यात होती, तेवढ्या काळात आमच्या आज्या-पणज्यांनी त्यात आपला मसाला घालून तो आपलासा केला. चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, इंद्याल राहिले. सुरतेत डुकराचे मांस सहज मिळत नाही. म्हणून कोंबडीचे करावयाचे ठरले. शिरक्याचा प्रश्न मात्र अनपेक्षितपणे सुटला. जवळच नवसारीला कोलाह या पारशी घराण्याचा उसाचा शिरका पिढ्यान्‌पिढ्या होतो. पारशी मंडळी त्याला सरको म्हणतात. बाटली उघडून सासूबाईंच्या नाकाशी धरली. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलविली.

मसाला तेवढा वसईचाच पाहिजे होता. उन्हाळ्यात भाजून कांडलेला नि बियरच्या रिकाम्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरलेला तो मसाला जुन्या घराच्या फडताळात होता. सासूबाईंनी दूरध्वनी लावला तो धाकट्यांना. “बाटल्या तू आण.” आता जुन्या घराची किल्ली दादांकडे. म्हणजे किल्लीसाठी धाकट्यांना दादांच्या दारात जाणे आले. सासूबाईंची ही युक्ती मला त्याच क्षणी कळली, आणि बहुधा धाकट्यांनाही कळली, कारण त्यांनी किल्ली आणावयास बायकोला पाठविले.

दादांचे कुटुंब २३ तारखेला रात्री फ्लाइंग राणीने आले. तिचे दुमजली डबे २०२३ साली गेले याबद्दल त्यांच्या नातवाची मोठी तक्रार होती. गाडी पोचेपर्यंत साडेदहा वाजून गेले. जाऊबाईंच्या हातात मोठा स्टीलचा डबा. मी विचारले तर म्हणाल्या, “डुकराचे इंद्याल आहे. असू द्यावे म्हणून आणले.” श्रोतेहो, खोटे कशाला बोलू? मला ते लागले. पहिल्यांदाच माझ्या घरी पंगत बसते आणि मुख्य पदार्थ पाहुण्या घेऊन येतात, म्हणजे माझ्या हातावर यांचा भरवसा नाही, असे वाटून मी तो डबा काही न बोलता फ्रिजमध्ये ठेवला.

धाकटे दुसऱ्या दिवशी दुपारी मोटारीने आले. येताना सरहद्दीवरच्या नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबविली होती. बियरच्या सहा बाटल्या पाहून त्यांचे चेहरे गंभीर झाले. धाकट्यांनी बूच काढून बाटली पुढे केली, हवालदारसाहेबांनी जवळून वास घेतला आणि ते इतके शिंकले की पुढच्या पाच बाटल्या तपासण्याचा आग्रह कोणी धरला नाही. ही हकीकत धाकट्यांनी दारातच सांगितली. “सुरत लुटायला आलो, पण आधी आमचीच झडती झाली,” असे ते म्हणाले तेव्हा सारे हसले. दादाही हसले, पण तोंड खिडकीकडे करून.

चार वाजता इंद्याल चुलीवर चढले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. मी किती मसाला, किती मीठ असे विचारी आणि त्या “बघ ना” म्हणत. शाळेत मी मुलांना सांगते की, बघून लिहू नका; येथे सासूबाई मला नेमके तेच करावयास सांगत होत्या.

त्या रात्री फुग्यांचे पीठ भिजविले. दोन किलो मैदा. मला ते फेटवेना. सासूबाईंनी मुलांना हाक मारली. दोघांनाही. “एकाने धरा, एकाने फेटा. हात भरला की बदला.” परात जमिनीवर, तिच्या दोन बाजूंना दोघे भाऊ मांडी घालून बसले. लहानपणी ते हेच काम करीत, हे मी त्या दिवशी प्रथम ऐकले. साधारण पाऊण तास चालले होते ते. त्या अवधीत त्यांच्यात जे बोलणे झाले ते मी कणीक मळता मळता सगळे ऐकले आहे. “दूध घाल.” “पुरे.” “आता मी.” “बुडबुडे आले.” “अजून थोडे.” वाडीचे नाव कोणी काढले नाही. पीठ झाकून ठेवून आम्ही सगळे मध्यरात्रीच्या मिस्साबलिदानास गेलो. ते गुजरातीत होते. सासूबाई चाकाच्या खुर्चीत. त्यांच्या तरुणपणी सारे लॅटिनमध्ये चाले, तेव्हाही शब्द कळत नसत, असे त्या परतताना म्हणाल्या.

शेजारधर्माची गोष्टही सांगितली पाहिजे. आमच्या वरच्या मजल्यावर शाकाहारी कुटुंब आहे. मी आधीच जाऊन सांगितले होते की, दोन दिवस वास येईल, रागावू नका. त्या बाई म्हणाल्या, “तमारो तहेवार छे, करो ने.” खिडक्या मात्र त्यांनी लावून घेतल्या, ते मी पाहिले, आणि त्यात वाईट वाटण्याजोगे काही नव्हते. पंचविसाला बारा वाजता त्यांच्याकडून पातेलेभर उंधियु आले, सुरती पापडी घातलेले. समोरच्या खानदेशी बाई तर आदल्या आठवड्यात दोन संध्याकाळी माझ्याबरोबर कुलकुल वळावयास बसल्या होत्या. नवीन फणीवर पिठाची गोळी दाबून गुंडाळली की शिंपल्यासारखे कुलकुल होते. त्या म्हणाल्या, ही तर शंकरपाळ्याची बहीण. नेवऱ्या पाहून त्यांना काही विचारावेच लागले नाही. करंजी ती करंजी.

जेवण दोन वाजता सुरू झाले. घर लहान, म्हणून दोन पंगती. फुगे फुगले होते. ताटात दोन्ही इंद्याले शेजारी शेजारी. सर्वांचे डोळे सासूबाईंकडे. त्यांनी फुगा फोडला, माझ्या रश्शात बुडविला, खाल्ला. मग विचारले, “शिरका नवसारीचाच ना?”

“हो.”

“चालेल.”

याहून मोठी शाबासकी मी त्यांच्या तोंडून कोणाबद्दल ऐकलेली नाही. मग त्यांनी जाऊबाईंचे इंद्याल घेतले आणि त्यालाही “चालेल” म्हणाल्या. दुसऱ्यांदा वाढून घेतले ते मात्र उंधियु.

रात्री भांडी घासताना जाऊबाई हळूच म्हणाल्या, “मी ते पहिल्यांदाच केलं गं.” मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. २६ वर्षे त्या घरात नांदल्या, पण त्यांनाही डाव कधी मिळाला नव्हता. सासूबाई सुरतेला आल्या, वसईची चूल रिकामी राहिली, तेव्हा त्यांनी एकटीने करून पाहिले आणि ते कोणाला तरी खाऊ घालावे म्हणून डब्यात घालून आणले. आणि मी तो डबा फ्रिजच्या तळच्या कप्प्यात ढकलला होता. मी त्यांना तसे सांगितले. त्या म्हणाल्या, “मी पाहिलं होतं.”

सव्वीस तारखेला पहाटेच्या फ्लाइंग राणीने दादांना परतावयाचे होते. गाडी पाचच्या सुमारास सुटते. त्या वेळी रिक्षा मिळेल याची खात्री नाही. धाकटे उठले, काही न बोलता मोटारीची किल्ली घेतली, आणि दादांच्या कुटुंबाला दोन खेपांत स्टेशनवर सोडून आले. निघताना दादांनी आगाशीच्या सुकेळ्यांचे दोन पुडे टेबलावर ठेवले होते. एकावर माझ्या यजमानांचे नाव होते, दुसऱ्यावर काहीच लिहिलेले नव्हते. वाटेत दोघे काय बोलले, बोलले की नाही, ते मला ठाऊक नाही. वाडीचा प्रश्न होता तेथेच आहे.

धाकटे परत आले तेव्हा सासूबाई जाग्या होत्या. त्यांनी विचारले, “घराची किल्ली दिलीस?”

“दादाने मागितली नाही.”

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी मला चहा टाकावयास सांगितला आणि आदल्या दिवशीचे फुगे उरले आहेत का, असे विचारले. चार उरले होते. नाव नसलेला सुकेळ्यांचा पुडा त्यांनी धाकट्यांपुढे सरकविला आणि स्वतः फुगा चहात बुडवून खाऊ लागल्या.