तिला मी रागावले होते
(स्वयंसेविकांच्या वार्षिक बैठकीत केलेले भाषण)



शाळेतून निवृत्त झाल्यावर मी पालघर जिल्ह्यातल्या एका महिला आधारगृहात आठवड्यातून दोन दिवस जाऊ लागले. वाटलं होतं, बायकांना समजावून सांगायचं काम असेल. तिथल्या ताईंनी मला तांदूळ निवडायला बसवलं. मनातून थोडी खट्टूच झाले. वही उघडून समोर बसलं की बायका गप्प होतात आणि सुपावर हात चालू असला की बोलतात, हे कळायला मला महिना लागला.

अशीच एक वारली मुलगी बोलू लागली. तिचं नाव सांगत नाही. कडेवर लेक, मनगट सुजलेलं. आपण अभिमानाने म्हणतो की आदिवासींत हुंडा नाही. खरं आहे, देज मुलाकडून जातं. पण त्यामुळे मार थांबत नाही. तिचं तर लग्नही लागलेलं नव्हतं. पैशांअभावी विधी मागे राहतो, मुलं आधी होतात, त्यात पाड्यावर कुणाला काही वावगं वाटत नाही. पण तिला कुणीतरी सांगितलं होतं, "लग्नच नाही, तर तक्रार कसली?"

हे चूक आहे आणि तुम्ही पाड्यापाड्यावर सांगा. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा लग्नासारख्या नात्याने एका घरात राहणाऱ्या बाईलाही लागू होतो. घर तिच्या नावावर नसलं तरी तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. संरक्षण अधिकारी अहवाल तयार करतात, दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला मदत करतात. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत व्हावी असं कायदा म्हणतो. तारखा प्रत्यक्षात कशा पडतात ते तुम्हाला ठाऊक आहेच.

अर्जाचे कागद जमवत होतो आणि पाऊस सुरू झाला. एका सकाळी ती गाठोडं बांधून उभी. लावणी आली होती, आणि थोरला मुलगा सासूकडेच राहिला होता. मी भडकले. "एवढं सगळं तुझ्यासाठी केलं आणि परत तिथेच चाललीस? मग पुन्हा रडत येऊ नकोस." शाळेतल्या पोरींना रागवायचे तशीच रागावले. ती काही बोलली नाही. लेकीला कडेवर घेतलं आणि गेली.

आठ महिन्यांनी आली, या वेळी दोन्ही मुलांना घेऊन. मधल्या काळात दोनदा जबर मार खाल्ला होता. एकदा तर रात्रभर शेजारणीच्या गोठ्यात लपली होती. मी विचारलं, "अगं, इकडे का नाही आलीस?" ती म्हणाली, "बाई, तुम्ही रागवाल म्हणून नाय आले."

त्या रात्री मला झोप लागली नाही. ते आठ महिने तिच्या वाट्याला आले त्यात माझा हात होता.

आता कुणी परत जायला निघाली की मी का म्हणून विचारत नाही. आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले यांच्या झेरॉक्स आमच्याकडे ठेवून घेते. १८१ हा नंबर तोंडपाठ करून घेते, कारण चिठ्ठी नवऱ्याच्या हाती लागते. मोबाईल असलेली एखादी विश्वासू शेजारीण कोण, ते विचारून ठेवते. आणि रात्री-अपरात्री आलीस तरी दार उघडू, हे दोनदा सांगते. लावणीच्या दिवसांत तर हे आधीच उरकून ठेवावं लागतं.

ती मुलगी सध्या चिकूच्या वाडीत कामाला जाते. अर्ज दाखल झाला आहे. पुढची तारीख १४ ला आहे आणि नेमकं त्याच दिवशी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. कोर्टात काही बोलायचं नसतं, नुसतं दिवसभर तिच्या शेजारी बसायचं आणि धाकटीला सांभाळायचं. जिला जमेल तिने चहाच्या वेळी मला भेटावं.